दुधाला बांधायचं पान

आमच्या अहमदपूरच्या घरामागं न्हाणीचं पाणी जिथं वाहून जातं, तिथं एक एरंड उभा आहे. तो कुणी लावला नाही. एरंड कुणी लावतच नाही. तुळस लावतात, मोगरा लावतात, आता तर कुंड्यांमधून काय काय शोभेची पानं लावतात. एरंड आपला आपण येतो, सांडपाण्यावर वाढतो, आणि घरात कुणाचं दुखलं-खुपलं की मग सगळ्यांना आठवतो. 'ओसाड गावी एरंड बळी' म्हणून नावं ठेवायला लोक पुढं, पण गुडघा सुजला की त्याच ओसाड गावच्या पाटलाच्या दारात येऊन उभे राहतात.

मी बोलायला बसले की माझी लेक म्हणायची, "लागलं बघा आईचं एरंडाचं गुऱ्हाळ." उसाचं गुऱ्हाळ लावलं तर गूळ तरी निघतो, एरंडाच्या गुऱ्हाळातून काय निघणार, असं तिचं म्हणणं. मी म्हणायचे, "निघतं की तेल!" मी शाळा फारशी पाहिली नाही. अक्षरं शिकले ती याच लेकीच्या पाटीवर, ती गिरवायची तिच्या मागं मागं गिरवून. म्हणून आज जे गुऱ्हाळ लावते आहे ते तिच्यासाठीच आहे.

तसं एरंडाचं काही वाया जात नाही. पानाला तेलाचं बोट फिरवायचं, तव्यावर मऊ पडेस्तोवर गरम करायचं आणि सुजलेल्या गुडघ्याला जुन्या धोतराच्या फडक्यानं बांधायचं. सोडाल तेव्हा पान काळं पडलेलं असतं आणि गुडघा हलका झालेला असतो. लेकराचं पोट फुगलं, ते पाय आखडून रडायला लागलं, की कोमट पान पोटावर ठेवायचं. कंबर धरली तर एरंडाच्या मुळीचा काढा, सुंठ घालून. दिव्यात एरंडेल जाळून वर ताटली धरली की काजळ. तेच तेल तळपायाला चोळलं की डोळ्यांची आग जाते. आणि पोटात घ्यायचं एरंडेल तर काय सांगावं! आमच्या लहानपणी सगळ्या पोरांना ओळीनं बसवून पाजायचे. चहात घाला, आल्याच्या रसात घाला, त्याची चव काही लपत नाही. मग दिवसभर एकेकाच्या हातात टमरेल. पान तोडलं की देठ आत पोकळ असतो. त्या देठानं आम्ही हौदातलं पाणी ओढून प्यायचो आणि मार खायचो.

बी मात्र विष. दिसायला एवढी चकचकीत, ठिपक्यांची, की लेकरांना खेळावंसं वाटतं. म्हणून बोंडं वाळत घातली की त्या बाजूला लेकरू फिरकू द्यायचं नाही. डॉक्टर यातल्या काही गोष्टींना हो म्हणतात, काहींना नको म्हणतात. नको म्हणतात तिथं मी ऐकते. एवढं वय झालं ते ऐकूनच झालं.

तर लेक बाळंतपणाला आली त्या हिवाळ्यातलं सांगते.

लग्नाला बरीच वर्षं झाली होती. दवाखाने झाले, नवस झाले, लोकांचं बोलून झालं. मग एकदाची आस लागली. सातव्यात आम्ही चोळी-बांगडी केली. शेजारच्या मणियाराच्या भाभींनी स्वतःच्या हातानं हिरव्या बांगड्या भरल्या आणि पैसे घ्यायला सपशेल नकार दिला. "बच्चा आने दो, मग घेते," म्हणाल्या. भाभी आणि मी एका वयाच्या. त्यांचा उजवा गुडघा सुजतो, त्यामुळं एक दिवसाआड मागच्या दारानं येतात, पान तोडतात, उंबऱ्यावर बसून चहा घेतात आणि त्यांच्या सुनांची गाऱ्हाणी सांगून जातात.

आमच्याकडं रीत अशी, की येणाऱ्या लेकरासाठी आधी काही नवं आणायचं नाही. झबलं नाही, कुंची नाही, पाळणा नाही. जुनेर धुऊन ठेवायचं, बस. तेल मात्र आधी काढून ठेवतात. पहिली बाळंतीण घरी असली की तिच्या आईनं स्वतः एरंडेल काढायचं. लेकराची टाळू त्याच तेलानं भरायची. मी त्या वर्षी एक बोंड झाडावर फुटू दिलं नाही. सगळी बोंडं तोडून ओसरीत वाळत घातली. ऊन चढलं की बोंडं टक् टक् फुटायची आणि बी उडून थेट भिंतीवर आदळायची. लेक बाजेवर पाय सोडून बसलेली असायची. एकदा बी तिच्या पोटावरच येऊन पडली, तर केवढी हसली! म्हणाली, "आई, आतून लाथ मारली गं. त्याला वाटलं कुणीतरी दार वाजवलं."

बी सोलली, तव्यावर जराशी भाजली, उखळात कुटली, मोठ्या पातेल्यात पाण्यात घालून उकळत ठेवली. तेल वर येतं. ते पळीनं हळू हळू काढायचं आणि पुन्हा कढवायचं, तडतड थांबेपर्यंत. तडतड थांबली म्हणजे पाणी सरलं. घरभर असा वास सुटतो की मांजर घर सोडून जातं. तेवढ्यात विहीणबाईंचा फोन आला.

आमच्या विहीणबाई हदगावकडच्या एका खेड्यातल्या. बाई शेतातली, बोलायला तिखट. त्यांचं आणि माझं फोनवर कायम असंच चालायचं.

"काय करून राहिल्या, विहीणबाई?"

"तेल काढायलेय. तुमच्या नातवाच्या टाळूसाठी."

"तुमच्याकडचा एरंड तांबडा का पांढरा?"

"तांबडा."

"तांबडा? तांबडा वाताला चालते. लेकराला आन बाळंतिणीला पांढराच लागते."

"तुमच्याकडं असंल तसं. आमच्या लेकी तांबड्यावरच वाढल्या."

"म्हणून तर सून अशी वाळकी आली आमच्या घरी!"

"आली तव्हा चांगली भरलेली होती, विहीणबाई. तुमच्या पाण्यानं वाळली."

दोघी हसलो. मग त्यांनी आवाज बारीक करून सांगितलं, "तेल काढा, पण काजळ धरू नका बरं. काजळ लेकरू आल्यावर." मी म्हणाले, "एवढं कळतं मला." तेल निवळलं, ते मी बाटलीत भरलं आणि भिंतीतल्या देवळीत ठेवलं. काजळ धरलं नाही. सगळं रीतीनं केलं. कुठं म्हणून चुकले नाही, हे मला पुष्कळ दिवस पुन्हा पुन्हा स्वतःला सांगावं लागलं.

लेकरू आठव्यातच आलं. लातूरच्या दवाखान्यात. मुलगी झाली. हाताच्या ओंजळीत मावेल एवढी. तिला काचेच्या पेटीत ठेवली. डॉक्टरीण पोरगी तरुण होती, माझ्या लेकीहूनही लहान. सारखी येऊन बघायची, समजावून सांगायची. लेकरू छातीशी नाही, त्यामुळं लेकीला दूध उतरेना. डॉक्टरीण म्हणाली, "थेंब थेंब आलं तरी पुष्कळ आहे, आजी. तिला आईचंच हवं."

हे विहीणबाईंना कळलं तेव्हा त्या तडफडल्या. त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन नांदेडला नुकतंच झालं होतं, प्रवास बंद. म्हणून त्यांनी बांधावरच्या पांढऱ्या एरंडाची पानं तोडली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि लातूरला येणाऱ्या एष्टीच्या कंडक्टरच्या हाती धाडली. जावईबापू स्टँडवर जाऊन घेऊन आले. वर फोन: "पान कोमट करा. कोमट, भाजू नका. दुधाला बांधा. वाट मोकळी होते."

डॉक्टरणीला विचारलं. ती म्हणाली, "शेक म्हणून ठेवा, फक्त नीट धुऊन घ्या." दवाखान्याच्या बाहेर चहावाल्याच्या तव्यावर मी पानं गरम करून आणली. तो म्हणाला, "मावशी, ही कुठली पोळी?" लेकीच्या छातीला बांधली. दुपार उलटली आणि लेकीचं पोलकं भिजलं. वाटीत चमचा-दीड चमचा निघालं असेल. पिवळसर. ते नळीनं लेकराला दिलं. लेक काचेबाहेर उभी राहून बघत होती. म्हणाली, "आई, ती मिटक्या मारतीय." मला तर काही दिसलं नाही. पण तिला दिसलं.

मी त्या दिवशी फोन करून विहीणबाईंना सांगितलं, "जिंकलात. तुमचा पांढरा खरा." त्या म्हणाल्या, "ऐकलं का सगळ्यांनी! विहीण हारली!"

आणि मग एका दुपारी लेकरू गेलं. जोर पुरला नाही तिचा. आजार म्हणावा असा काही नाही, कुणाचा दोष नाही. डॉक्टरीण पोरगी आमच्यासमोर डोळे पुसत होती. याहून जास्त मला ते लिहिता येत नाही.

आम्ही लेकीला घेऊन अहमदपूरला आलो. आणि घरी आल्यावर दूध आलं. आधी थेंबाथेंबानं मागावं लागत होतं, आता लोटच आला.

जावईबापू म्हणाले, "माझ्या आईला फोनवर सांगू नका. तिचं काळीज कच्चं आहे. मी जाऊन समोर बसून सांगतो." बरोबरच होतं. वाईट बातमी आमच्याकडं असं लांबून सांगत नाहीत. माणूस जवळ जाऊन, पाणी देऊन, मग सांगतं. जावईबापू गेले. दुसऱ्या दिवशी परत आले. मी विचारलं, "सांगितलं?" त्यांनी नाही म्हणून मान हलवली. म्हणाले, "दारातच तिनं विचारलं, नाक कुणावर गेलंय. मी म्हणालो, तुझ्यावर." आणि तिथंच उंबऱ्यात बसून राहिले.

तेव्हापासून विहीणबाईंचे फोन असे व्हायचे.

"विहीणबाई, कशी हाय माय माझी सून?"

"हाय बरी."

"दूध हाय?"

"हाव. हाय."

"लेकरू?"

"हाव."

'हाव' म्हणजे कशाला हो, ते मी सांगायची नाही आणि त्या विचारायच्या नाहीत. "पानं धाडली बरं. कंडक्टर उतरवून देईल तुमच्या स्टँडवर. बांधा पोरीला. आळस करू नका." आणि पानं यायची. ओल्या फडक्यात, नीट थरावर थर लावलेली, देठ एकीकडं. मी स्टँडवर जाऊन घ्यायची. तो कंडक्टर एकदा म्हणाला, "आजी, तुमच्या गावात पानं नाहीत का?" मी म्हणाले, "आहेत बाबा. ही वेगळी."

आणायची आणि न्हाणीच्या कोपऱ्यात ठेवायची. बांधायची कुणाला? दूध आणायचं पान ते. ज्या पोरीचं दूध थांबावं म्हणून आम्ही देवाला हात जोडत होतो तिला ते पान कसं बांधायचं? ढीग साचत गेला. वरची हिरवी, खालची काळी.

भाभी मागच्या दारानं यायच्या. त्या ढिगाकडं बघायच्या. एक दिवस म्हणाल्या, "बाई, उनको बोल डालो ना. ती बिचारी तिकडं रोज पानं तोडतीय."

"कसं बोलू भाभी? त्यांना काही झालं म्हणजे?"

"आन हिला काय होतंय, ते दिसतंय का तुमाला?" त्यांनी आतल्या खोलीकडं मान केली. "छोकरी जळून राहिली हाय तापानं."

खरंच. लेकीची छाती दगड झाली होती. हात लावू द्यायची नाही. ताप यायचा. डॉक्टरणीनं दूध थांबायच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या मला तिच्या उशीखाली सापडल्या, सगळ्या तशाच. मी तिला बघत होते. तिचं पोलकं भिजलं की ती उठून स्वतः धुवायची आणि ते पाणी मोरीत ओतायची नाही. उचलून तुळशीच्या कुंडीत ओतायची. तेव्हा माझ्या लक्षात आलं.

आमच्याकडं म्हणतात, अंगावरचं दूध मुंग्यांच्या वाटेला जाऊ देऊ नये. मुंग्यांनी खाल्लं की दूध आटतं. म्हणून बाळंतीण आपलं दूध सांडू देत नाही, धुतलेलं पाणीसुद्धा मोरीत जाऊ देत नाही. आमची न्हाणीची मोरी तर मुंग्यांचं माहेरच. एरंडाच्या बुडाशीच त्यांचं वारूळ. लेक ते सगळं पाळत होती. जिचं लेकरू नाही ती दूध राखत होती.

मी तिच्या बाजेजवळ बसले. म्हणाले, "पोरी, असं करू नकोस गं. गाठ होईल."

ती भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "तिचं आहे ते."

"ती गेली, माय."

"ती गेली. हे नाही ना गेलं. आटलं म्हणजे मग काय राहिलं, आई? ती आली होती, याची खूण काय राहिली?"

एवढी बोलकी बाई मी, बाजारात भाजीवालीशी तास तास बोलणारी. बाहेर येऊन मी त्या काळ्या पानांच्या ढिगाजवळ बसून राहिले.

त्यानंतरच्या दिवशी पानं आणायला स्टँडवर गेले. एष्टी लागली. कंडक्टर खाली उतरला, पण हातात गाठोडं नव्हतं. त्यानं मागं वळून कुणाचा तरी हात धरला. काठी आधी उतरली, मग विहीणबाई उतरल्या. काखेत ओल्या फडक्याचं गाठोडं. चेहरा धुळीनं भरलेला, ओठ सुकलेले. एवढा प्रवास त्यांना बंद होता.

मला वाटलं, आता या विचारणार, लेकरू कुठं आहे. आणि मला इथंच, या सगळ्या गर्दीत सांगावं लागणार. मी त्यांच्या पाया पडायला वाकले ते वर बघायला लागू नये म्हणून.

त्यांनी मला उठवलं. म्हणाल्या, "रडू नका. मला ठावं हाय."

"कुणी सांगितलं?"

"कोन सांगते? तुम्हीच सांगितलं. बाळंतिणीच्या घरात फोन केला की मागं लेकराचा आवाज येते, विहीणबाई. रडते, न्हाई तर कोनी 'उगी उगी' करते. तुमच्या घरात निस्तं घड्याळ वाजून राहिलं व्हतं."

बाजूला कुणीतरी उदगीर, उदगीर म्हणून ओरडत होतं.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुम्ही एवढा जीव तोडून लपवून राहिल्या. पोरगा दारात येऊन हसला, त्याचं ते हसनं... म्हणलं, त्याहिला वाटते ना म्हातारी वाचावी, तर वाटू द्या. मी रोज पानं तोडाया म्हणून बांधावर जाऊ. तिथंच रडू. घरात धाकट्या पोराला दिसू नये म्हणून."

दोन घरं, दोन्हीकडं सगळ्यांना ठाऊक, आणि दोन्हीकडं एकमेकांना जपायचं म्हणून सगळे गप्प. हे असं आम्हीच करू जाणे. घरी येताना रिक्षात मी विचारलं, "ठाऊक होतं, तर मग पानं का धाडली? दुधाचं पान."

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी आत्ता जन्मले. "दूध काय लेकराला इचारून येते? ते येनारच. लेकरू नसल्यावर तर जास्त दुखते. वाट मोकळी कराया पान लागते, मंग ते कुठं का जाईना. बांधली ना पानं?"

मी मान खाली घातली. त्या समजल्या. पदराचा बोळा तोंडाशी धरून त्या घर येईपर्यंत बाहेर बघत राहिल्या.

घरात आल्या, पाणीसुद्धा न घेता थेट लेकीच्या खोलीत गेल्या. मला वाटलं गळ्यात पडून रडतील. त्या म्हणाल्या, "उठ. केसाची काय दशा करून घेतली ही? माझ्या गावात अशी सून दाखवली तर लोक मला नावं ठेवतील."

लेक उठून बसली. सासू म्हणून उठली. पदर सावरायला गेली आणि दुखलं म्हणून कण्हली.

विहीणबाईंनी काठी बाजूला ठेवली, बाजेवर बसल्या आणि स्वतःच्या चोळीची गाठ सोडली. ऑपरेशनच्या ताज्या टाक्यांपासून वेगळा, डाव्या बाजूला एक जुना व्रण होता, वाकडा, शिवण उसवल्यासारखा. मला ठाऊक नव्हता. त्यांच्या लेकालाही ठाऊक नसावा.

"हे बघ. तुझ्या नवऱ्याच्या आधीचं. पोरगीच व्हती. मी बी असंच धरून बसले व्हते. कोनी मला पान बांधलं न्हाई, मीच बांधू देल्लं न्हाई. गळू झालं, न्हाव्याच्या वस्तऱ्यानं फोडलं तव्हा. मंग तुझा नवरा झाला, तर त्याला एका बाजूनं पाजला." त्या थांबल्या. "खूण पायजे तुला? ही हाय बघ खूण. चांगली न्हाई वं, माय. थंडीत अजून ठणकते."

लेक त्या व्रणाकडं बघत राहिली. मग तिनं बोट लावलं. हळूच, जसं निजलेल्या लेकराला लावतात.

मी चूल पेटवली. गॅस होता, पण हातांनी आपसूक चूलच पेटवली. पानं मऊ झाली. विहीणबाईंनी आपल्या गालाला लावून बघितली, कोमट आहेत ना. आम्ही दोघींनी मिळून बांधली. त्या एका बाजूनं, मी एका बाजूनं. लेकीनं डोळे मिटून घेतले होते. थोड्या वेळानं दगड नरम पडायला लागला. वाटी भरली. मग आणखी एक. मागच्या दारात भाभी येऊन उभ्या होत्या. आत आल्या नाहीत, पण गेल्याही नाहीत.

वाटी विहीणबाईंनी लेकीच्याच हातात दिली. "चल," म्हणाल्या.

आम्ही मागं गेलो. लेक एरंडाजवळ उभी राहिली. बुडाशी लाल मुंग्यांची रांग लागलेली. तिला ठाऊक होतं तिथं ओतणं म्हणजे काय. आम्हालाही ठाऊक होतं. ती किती तरी वेळ वाटी धरून उभी होती; वाटीतलं कोमट दूध गार झालं. मग ती खाली बसली आणि वाटी वाकडी केली. सगळं नाही एकदम. थोडं थोडं, पाजावं तसं. मुंग्या आधी बाजूला सरल्या, मग परत आल्या.

ती तिथंच मातीत बसून राहिली. विहीणबाई मला म्हणाल्या, "तुम्ही काढलेलं तेल कुठं हाय?"

"देवळीत आहे." मी जागेवरूनच म्हणाले. "ते टाळूचं आहे, विहीणबाई. लेकराच्या टाळूचं."

"मंग? हे बी लेकरूच हाय."

मी बाटली आणली. सील काढावं तसं बूच काढलं. पहिल्यांदाच उघडत होते. विहीणबाईंनी तळहातावर तेल घेतलं, वास घेतला. म्हणाल्या, "तांबड्याचं बी बरं निघालं." आणि माझ्या लेकीच्या टाळूवर ओतलं. बोटांनी गोल गोल जिरवत राहिल्या. लेकीचं डोकं त्यांच्या मांडीवर टेकलं. मी तिच्या तळपायांना चोळायला घेतलं. तिला तान्ही असताना चोळायचे तसं. आम्हा दोघींच्या मधे ती एवढीशी वाटत होती.

विहीणबाई आमच्याकडं राहिल्या. जावईबापू आले, आईला बघून दारातच थबकले. त्या म्हणाल्या, "ये. नाक माझ्यावरच गेलं व्हतं ना? मला सांग आता नीट, कशी व्हती ती." आणि त्यांनी सांगितलं. डोक्यावर जावळ होतं म्हणाले, हाताची मूठ सोडायची नाही म्हणाले. आमच्या घरात तिच्याबद्दल पहिल्यांदा कुणी बोललं.

पान रोज बांधत होतो. पांढऱ्याचं संपलं, मग तांबड्याचं बांधलं. विहीणबाईंनी नाव ठेवलं नाही. डॉक्टरणीच्या गोळ्याही लेक घ्यायला लागली. वाटी रोज थोडी थोडी कमी भरायची. ती स्वतः जाऊन ओतून यायची.

मग एका सकाळी मी आणि विहीणबाई चुलीपाशी बसलो होतो. चहा उकळत होता. लेक न्हाणीतून बाहेर आली आणि दारात उभी राहिली. एक हात छातीवर होता.

"आई," ती म्हणाली. दोघींपैकी कुणाला, ते कळलं नाही. "पोलकं कोरडं आहे आज."

आणि ती रडली. लेकरू गेल्यापासून ती असं मोकळं रडली नव्हती, तोंड उघडून, आवाज काढून. भिंतीपलीकडं भाभींनी ऐकलं असणार. आम्ही दोघी जागच्या उठलो नाही. तिला रडू दिलं. चहा उतू जाऊन चूल विझली, तरी कुणी हात लावला नाही.